तिला राखायचं की तिच्या लग्नाला?

१९९४ च्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी 'डर' लागला, तेव्हा मी अकरावीत होतो. यश चोप्रांचा हा चित्रपट मोठ्या शहरांत आदल्या डिसेंबरमध्येच येऊन गेला होता. आमच्याकडे रिळं फिरत फिरत उशिरा पोचायची. पत्र्याचं थिएटर, बाहेर धो धो पाऊस, तरी आत बसायला जागा नव्हती. शाहरुख खान नायिकेच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर अडखळला की पुढच्या चार रांगा एका सुरात ते नाव पूर्ण करायच्या. शेवटी नायिकेचा नवरा त्याला मारतो, तेव्हा मात्र एकही शिट्टी वाजली नाही. बाहेर पडताना माझ्या मित्राचे डोळे ओले होते आणि माझेही. आम्हा दोघांनाही शाहरुखच्या त्या राहुलचं वाईट वाटत होतं.

त्याच महिन्यांत माझ्या मावसबहिणीला, आमच्या ताईला, तिच्या सासरी निनावी पत्रं येत होती. कोण पाठवतंय हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरीही त्या संध्याकाळी चित्रपटातला तो माणूस आणि ताईला पत्रं लिहिणारा माणूस एकच आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते यायला मला पुढे बरीच वर्षं लागली. हा लेख त्या उशिराबद्दल आहे, आणि पाठलाग ओळखायला आपल्या कायद्यालाही तोच उशीर कसा होतो आहे, त्याबद्दल.

'डर'ची गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. किरण नावाची मुलगी, तिचा प्रियकर आणि पुढे नवरा झालेला सुनील, आणि तिच्या मागे लागलेला राहुल. सुनील नौदलातला अधिकारी, शरीराने दणकट, मनाने सरळ. राहुल हा सुनीलच्याच वरिष्ठाचा मुलगा. तो मेलेल्या आईशी फोनवर बोलतो, स्वतःच्या छातीवर किरणचं नाव कोरून घेतो. लग्नानंतर नवरा-बायको स्वित्झर्लंडला जातात, तर तिथेही हा पोचतो. मग दोन पुरुष भिडतात आणि लग्न वाचतं.

यात किरण कुठे आहे? ती घाबरते. दचकते, किंचाळते, नवऱ्याला बिलगते. चित्रपटाचं नाव तिच्या भावनेचं आहे, पण कॅमेरा बराच वेळ राहुलच्या डोळ्यांतून बघतो. राहुलला एकटेपण दिलंय, गाणी दिलीत, आईविना वाढलेलं बालपण दिलंय. सुनीलला ताकद दिलीय. किरणला फक्त भीती दिलीय, आणि तीही अशी की ती दूर करणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे. तिने काय करायचं ठरवलं, कुणाकडे गेली, काय बोलली, या प्रश्नांना पटकथेत फारशी जागाच नाही. सनी देओलने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं की खलनायकाचं असं उदात्तीकरण होईल याची आपल्याला कल्पना नव्हती. त्याची तक्रार खरी आहे. पण ती नायकाच्या वाट्याला काय आलं आणि खलनायकाच्या वाट्याला काय आलं, याबद्दलची आहे. तिसरीच्या वाट्याला काय आलं, हे त्या सगळ्या वादात कुणी विचारलं नाही, आणि प्रेक्षक म्हणून आम्हीही विचारलं नाही.

याच साच्याचा अमेरिकी चित्रपट सहा वर्षं आधीचा, १९८७ चा: 'फेटल अट्रॅक्शन'. तिथे पाठलाग करणारी बाई आहे आणि संसार वाचवणारा पुरुष. फरक इतकाच की हा पुरुष स्वतःच त्या बाईकडे गेलेला असतो. आधी चित्रित केलेल्या शेवटात ती आत्महत्या करते आणि संशय त्याच्यावर येतो. चाचणी खेळात तो शेवट प्रेक्षकांना रुचला नाही, म्हणून नवा शेवट चित्रित झाला: घरात घुसलेल्या त्या बाईला त्याची बायको गोळी घालते आणि कॅमेरा कुटुंबाच्या फोटोवर जाऊन थांबतो. ती भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोजचा या बदलाला विरोध होता आणि तो तिने लपवलाही नाही. हे दोन चित्रपट शेजारी ठेवून बघा. पाठलाग करणारी बाई असली की ती राक्षसीण ठरते, तिला मारलं की थिएटरला सुटल्यासारखं वाटतं. पाठलाग करणारा पुरुष असला की तो अभागी प्रेमी ठरतो, त्याला मारलं की आम्ही रडतो. दोन्हीकडे शेवटी वाचवलं जातं ते मात्र एकच, लग्न.

मी चित्रपटांवर बंदी घाला म्हणत नाही. 'डर' बघून कुणी पाठलाग करायला शिकला, असंही माझं म्हणणं नाही. पाठलाग त्याच्या आधीही होता. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला रिंकू पाटील ही मुलगी दहावीची परीक्षा देत असताना तिच्या मागे लागलेला तरुण साथीदारांसह परीक्षा केंद्रात घुसला आणि त्याने तिला पेट्रोल टाकून जाळलं. महाराष्ट्र तेव्हा हादरला होता. मोर्चे निघाले, अग्रलेख आले. आणि तरीही चारच वर्षांनी, त्याच महाराष्ट्रातल्या एका पत्र्याच्या थिएटरात आम्ही सगळे राहुलसाठी हळहळत होतो. चित्रपटाने आम्हाला बिघडवलं असं नाही. आमच्या घरात, चावडीवर, चौकीत जी समजूत आधीपासून नांदत होती, तीच त्याने देखणी करून पडद्यावर दाखवली. पाठलाग हा दोन पुरुषांमधला मामला आहे, एकाची वस्तू दुसरा न्यायला बघतोय, अशी ती समजूत.

आता ताईबद्दल सांगतो.

ती एफ.वाय.ला होती. एस.टी. स्टँडसमोरच्या पानपट्टीवर तो उभा राहायचा. ती गाडीतून उतरली की कॉलेजच्या फाटकापर्यंत मागे, कॉलेज सुटलं की पुन्हा स्टँडपर्यंत मागे. बोलायचा नाही. हात लावला नाही कधी. एकदा तिच्या वहीत चिठ्ठी ठेवली, एकदा घराच्या ओट्यावर. मावशीला कळलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "तू काही बोलली होतीस का त्याच्याशी?" काकांनी त्याच आठवड्यात कॉलेज बंद केलं. मेमध्ये लग्न लावून दिलं. मुलगा चांगला होता, पतसंस्थेत कारकून. सगळे म्हणाले, सुटली पोरगी.

मग सासरी पत्रं सुरू झाली. दाजींनी पहिलं पत्र वाचलं आणि आठ दिवस ते ताईशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनीही मावशीचाच प्रश्न विचारला. ते वाईट माणूस नव्हते, आजही नाहीत. पुढे ते गावात येऊन त्या मुलाला गाठायला निघाले होते, दोन मित्र बरोबर घेऊन, कुणीतरी अडवलं. म्हणजे दाजींच्या मनात दोनच वाटा होत्या. एक तर बायकोवर संशय, नाहीतर त्या पोराची हाडं मोडणं. पडद्यावरच्या नायकापुढेही याहून वेगळी वाट नव्हती.

तिसरी वाट दाखवली ताईच्या सासूबाईंनी. चौथी शिकलेली बाई. त्यांनी प्रत्येक पत्र पाकिटासकट एका स्टीलच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली आणि पाकिटावर कोळशाने आल्याची तारीख लिहायला लागल्या. अकरा पत्रं झाल्यावर त्या ताईला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. तिथे डबा उघडून बघितला गेला. "हा घरचा मामला आहे, बसून मिटवून घ्या," असं सांगून अदखलपात्र नोंद झाली आणि एन.सी.ची पावती हातात पडली. ताई आजही सांगते की ठाण्यातल्या साहेबांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. सगळे प्रश्न दाजींना विचारले. दाजी तर दारात उभे होते.

मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. घरातल्यांनी तिचं कॉलेज बंद केलं ते तिला वाचवायला नव्हे, तिचं लग्न व्हायची शक्यता वाचवायला. लग्न लावून दिलं ते तिला संरक्षण म्हणून, म्हणजे जबाबदारी एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे सोपवली. नवऱ्याने राखायला घेतलं ते आपलं लग्न. ठाण्याने मिटवायला सांगितला तो दोन घरांमधला तंटा. या सगळ्या राखण्यात ताईला कुणी राखलं नाही, एका म्हाताऱ्या बाईचा अपवाद सोडला तर.

आणि हे केवळ गावच्या मनातलं नाही, कायद्याच्या पुस्तकातही आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९७ व्यभिचाराचं. परपुरुषाने दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर गुन्हा. पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही. तक्रार नवऱ्यानेच करायची. बायको आरोपीही नाही आणि फिर्यादीही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवलं, कारण त्यात बाई ही नवऱ्याची मालमत्ता धरली होती. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पण शेजारचं कलम ४९८ तसंच राहिलं. विवाहित स्त्रीला फूस लावून नेणं, असा तो गुन्हा. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. वसाहतीच्या खुणा पुसल्या असं सांगितलं गेलं. नव्या संहितेत कलम ८४ उघडून बघा. ती स्त्री 'दुसऱ्या पुरुषाची पत्नी' आहे, हाच अजूनही त्या गुन्ह्याचा कणा आहे.

पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं त्यानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली, आणि दंड संहितेत कलम ३५४ ड आलं. स्त्रीने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही वारंवार तिच्या मागे जाणं, तिच्याशी संपर्क साधणं किंवा साधायचा प्रयत्न करणं, तिच्या इंटरनेट, ई-मेलवर नजर ठेवणं, हे सगळं त्यात आलं. कलमाच्या शब्दांत नवरा नाही, वडील नाहीत, अब्रू नाही. तिला ते नको आहे, एवढंच त्यात मोजलं जातं. मला हे कलम वाचताना आजही बरं वाटतं. ताईच्या वेळी ते असतं तर डब्यातली अकरा पत्रं पुरावा झाली असती.

पण ते संमत होताना काय झालं, तेही लक्षात ठेवायला हवं. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात पाठलागाचा गुन्हा अजामीनपात्र होता. मार्चमध्ये विधेयक संसदेत आलं तोवर पक्षांच्या आग्रहावरून पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र झाला होता. लोकसभेतल्या चर्चेत शरद यादवांनी विचारलं की आपल्यापैकी मुलींच्या मागे कोण गेलं नाही. बाई आधी बोलत नाही, खूप प्रयत्न करावे लागतात, असंही ते म्हणाले. देशातल्या ज्येष्ठ, समाजवादी विचारांच्या नेत्याचं हे बोलणं होतं. ते दुष्टपणे बोलले असं मला वाटत नाही. त्यांनी आपल्या पिढीची आणि माझ्याही पिढीची समजूत प्रामाणिकपणे सांगितली. कायदा लिहिणाऱ्या सभागृहात ती समजूत उभी राहिली, म्हणून मला ती जास्त गंभीर वाटते.

आज हे कलम न्याय संहितेत ७८ व्या क्रमांकावर आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, जामीनपात्र. पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे एफ.आय.आर. घ्यायलाच हवा, एन.सी. देऊन बोळवण करता येत नाही. कागदावर तरी.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, ती फारशी कुठे बोलली जात नाही. २०१३ च्याच सुधारणेत आणखी एक चांगली तरतूद आली होती. स्त्रियांवरच्या ठरावीक गुन्ह्यांची फिर्याद नोंदवायला पोलीस अधिकाऱ्याने नकार दिला, तर त्यालाच कमीत कमी सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा. नव्या संहितेत ते कलम १९९. त्या ठरावीक गुन्ह्यांची यादी कलमातच दिली आहे. विनयभंगाचं ७४ आहे. विवस्त्र करण्याचं ७६ आहे. चोरून बघण्याचं, चित्रण करण्याचं ७७ आहे. शब्दांनी, हावभावांनी अपमान करण्याचं ७९ आहे. मधलं ७८ नाही. म्हणजे रस्त्यात अश्लील शेरा मारल्याची फिर्याद नाकारणारा अधिकारी या कलमात सापडतो. सहा महिने रोज मागे येणाऱ्या माणसाची फिर्याद नाकारणारा सापडत नाही. जुन्या संहितेतल्या यादीतही पाठलाग नव्हता, नव्या यादीतही तो आला नाही. संपूर्ण कायदा नव्याने लिहायची संधी असताना ही जागा रिकामी राहिली. एक आकडा घालायचा होता.

याचं महत्त्व समजायला पाठलागाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. इतर बहुतेक गुन्हे घडून जातात आणि मग पोलीस येतात. पाठलाग चालू असतो. तो वाढत जातो, आणि वाढताना मध्ये कितीतरी दिवस असे असतात की कुणीतरी अडवू शकतं. प्रियदर्शिनी मट्टूने ते सगळं केलं होतं. दिल्लीत कायद्याचं शिक्षण घेणारी ही मुलगी. तिच्याच विद्यापीठातला विद्यार्थी तिच्या मागे लागला होता. तिने एकदा नव्हे, अनेकदा तक्रारी दिल्या. पोलिसांनी त्याच्याकडून पुन्हा असं करणार नाही असं लिहून घेतलं. तिला सुरक्षारक्षकही दिला. २३ जानेवारी १९९६ रोजी तिच्याच घरात तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला. आरोपीचे वडील पोलीस दलातले वरिष्ठ अधिकारी होते. १९९९ मध्ये कनिष्ठ न्यायालयात आरोपी सुटला, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. चौदा वर्षांच्या या न्यायालयीन प्रवासाबद्दल खूप लिहिलं गेलं. माझं मन मात्र त्या माफीनाम्यांपाशी अडकतं. त्याने लिहून दिलेला कागद मोडला, आणि मोडल्यावर काहीच झालं नाही, कारण त्या कागदाला कायद्यात दात नव्हते.

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुणीला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं गेलं. आठवड्याने नागपूरच्या रुग्णालयात ती गेली. मागे लागलेला माणूस ओळखीचा होता आणि विवाहित होता. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत तेच दोन शब्द होते, जे रिंकू पाटीलच्या वेळी तीस वर्षांपूर्वी होते: एकतर्फी प्रेम. मराठी पत्रकारितेने हे दोन शब्द आता टाकून द्यावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे. कर्ज बुडवणाऱ्याला आपण एकतर्फी व्यवहार म्हणत नाही. 'पाठलाग करून खून' एवढं लिहिलं तर मथळ्याची जागाही तेवढीच लागते.

जपानचं एक उदाहरण मला वारंवार आठवतं. टोकियोजवळच्या साइतामा प्रांतात ओकेगावा नावाचं शहर आहे. २६ ऑक्टोबर १९९९ रोजी तिथल्या रेल्वे स्टेशनबाहेर विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीला भोसकून मारलं. तिचा आधीचा मित्र आणि त्याचे साथीदार कित्येक महिने तिला छळत होते. तिची बदनामी करणारी पत्रकं तिच्या परिसरात चिकटवली गेली होती. ती आणि तिचे आईवडील पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते. नंतर उघडकीला आलं की पोलिसांनी तिची रीतसर फिर्याद कागदोपत्री बदलून साधी माहितीवजा नोंद करून टाकली होती, म्हणजे तपासाचं ओझं नको. आपल्या भाषेत सांगायचं तर एफ.आय.आर.ची एन.सी. केली होती. ताईच्या हातात पडली, तीच पावती.

पण पुढे काय झालं ते बघा. कागद बदलणाऱ्या तीन पोलिसांवर खटला चालला आणि ते दोषी ठरले. खून झाल्यापासून सात महिन्यांच्या आत, मे २००० मध्ये, जपानच्या संसदेने पाठलाग रोखण्याचा स्वतंत्र कायदा केला. त्यात पोलीस आधी लेखी ताकीद देऊ शकतात, मनाईचा आदेश निघू शकतो, आणि तो आदेश मोडणं हाच गुन्हा आहे. पुढे ई-मेल आले, समाजमाध्यमं आली, गाडीला चिकटवायची जी.पी.एस. यंत्रं आली, तसतसा तो कायदा दुरुस्त होत गेला. ब्रिटननेही २०१९ मध्ये असाच कायदा केला. तिथे पोलीस स्वतः न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाऊन, कुणाला शिक्षा व्हायच्या आधीच, पाठलाग करणाऱ्यावर मनाई आणू शकतात.

आपल्याकडे अशी मनाई आहे का? आहे, पण घराच्या आत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतो: या बाईशी संपर्क करायचा नाही, तिच्या कामाच्या जागी जायचं नाही. आदेश मोडला तर तो गुन्हा. फार चांगली तरतूद आहे. पण ती फक्त एका घरात राहिलेल्या, राहत असलेल्या नात्यांपुरती. नवरा त्रास देत असेल तर बाईला हा आदेश मागता येतो. पानपट्टीवरचा माणूस त्रास देत असेल तर नाही. त्याच्यासाठी पोलिसांच्या हाती उरते ती चॅप्टर केस, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली वर्षभर शांतता राखण्याचं बंधपत्र. ते मुळात दंगा, हाणामारी, भावकीतले वाद यांसाठीचं हत्यार. त्यात 'तिच्या दोनशे मीटरच्या आत यायचं नाही', 'तिला मेसेज करायचा नाही' असलं काही नेमकं येत नाही. म्हणजे संरक्षणाचा नेमका आदेश हवा असेल तर बाईने आधी कुणाच्या तरी घरात असायला हवं. हे कुणी मुद्दाम असं ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. पण ताईच्या घरातल्यांनी तरी दुसरं काय ठरवलं होतं?

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. कलम १९९ च्या यादीत ७८ घाला. आणि अनोळखी, ओळखीच्या, माजी, कुठल्याही पाठलाग करणाऱ्याविरुद्ध मागता येईल असा संरक्षण आदेश आणा, जो पहिल्या तक्रारीनंतर थोड्या दिवसांत मिळेल.

दुसऱ्या मागणीवर एक आक्षेप हमखास येतो आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. कॉलेजातल्या पोरांचं आयुष्य बरबाद होईल, एखाद्या मूर्खपणासाठी कोवळा पोरगा तुरुंगात जाईल, असं आईबाप म्हणतात. २०१३ मध्ये जामीनपात्र करण्यामागेही हीच भीती होती. मी त्यांना सांगतो की मनाईचा आदेश याच भीतीवरचा उपाय आहे. त्यात पहिल्या पायरीवर कुणी तुरुंगात जात नाही. त्या पोराला एक कागद मिळतो, त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे थांबव. ज्याला खरंच कळलं नव्हतं, तो तिथे थांबतो. जो कागद हातात असूनही मागे जातो, त्याच्याबद्दल मग न कळण्याची सबब उरत नाही. आज आपल्याकडे या दोघांना वेगळं ओळखायची सोयच नाही. दोघांनाही ठाण्यात बोलावून दम देतात आणि सोडतात.

दुसरा आक्षेप पुरुषांच्या बाजूचा. पुरुषाच्या मागे कुणी लागलं तर? कलम ७८ पुरुषाने स्त्रीचा केलेला पाठलागच मोजतं. पुरुषाला धमकीचं कलम आहे, बदनामीचं आहे, पण पाठलागाचं नाही. पाठलागाचा बहुतांश भार बायकांवर पडतो म्हणून शिक्षेचं कलम तसं ठेवलं, हे मला पटतं. मनाईचा आदेश मात्र सगळ्यांना खुला असावा. ज्याला नको आहे त्याला तो मागता यावा, मग तो नवरा असो, बायको असो, नाहीतर लग्नच न केलेलं कुणी असो.

आणि मग तो नवरा? त्याने काय करायचं? मला दाजींची बाजू कळते. घरात निनावी पत्र येतं तेव्हा पोटात काय होतं, हे त्या माणसालाच माहीत. पण सुनीलसारखं भिडायला जाणारा खरा नवरा बहुधा स्वतः लॉकअपमध्ये जातो आणि बायको घरी एकटी उरते, म्हणजे पाठलाग करणाऱ्याला हवी तशी. खऱ्या नवऱ्याची कामं पडद्यावर दिसायला फार साधी आहेत. मेसेज पुसू नये, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवावेत. शेजाऱ्यांना, वॉचमनला सांगावं. तिच्याबरोबर ठाण्यात जावं, पण बोलू तिला द्यावं, आणि साहेबांनी त्याला विचारलं तर तिच्याकडे बोट करावं. तिचा मोबाईल काढून घेऊ नये, नोकरी सोडायला लावू नये. आणि तो पहिला प्रश्न, तू काही बोलली होतीस का, तो विचारू नये. आधी बोलली असेल, हसली असेल, प्रेम केलं असेल, लग्न ठरलेलं असेल. आज नको म्हणते आहे. कलम ७८ सुद्धा एवढंच विचारतं.

ताईची पत्रं दीडेक वर्षाने थांबली. कायद्याने नव्हे. त्या मुलाच्या घरी दोन्हीकडचे चार वडीलधारे बसले, आणि उपाय निघाला: पोराचं लग्न लावून द्या, डोकं ठिकाणावर येईल. त्याचं लग्न झालं, तालुक्यातल्याच एका गावची मुलगी. सासूबाई गेल्यावर तो डबा ताईकडे आला. पत्रं अजून त्यात आहेत, कोळशाच्या तारखा पुसट झाल्यात. मागच्या दिवाळीत तिने तो मला दाखवला. झाकण लावता लावता म्हणाली, "त्याच्या बायकोला लग्नाआधी कुणी हे सांगितलं असेल का रे?"

मी गप्प राहिलो. त्या बैठकीत माझे काकाही होते.